शाळा कुरणात गेली तेव्हा

शहरातली मुलं आता सहलीला शेतावर जातात. बैलगाडीत बसतात, हुरडा खातात, गोठ्यात वासराला हात लावतात. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा सहलींना सरकारी पाठबळही आहे. पण लहान मुलांना शेती शिकवा, ही मागणी आपल्याकडे फार जुनी.

1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगाला, निवेदन दिलं. सरकारी तिजोरी कष्टकरी रयत भरते आणि तिच्याच मुलांना शिक्षण मिळत नाही, ही त्यांची मूळ तक्रार. प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं, शाळांना जोडून छोटी नमुना शेतं असावीत, असं त्यांनी त्यात मागितलं. पुढे 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे याच शिक्षणपद्धतीत, सूतकताईबरोबर शेतीही आली.

दोन्हीकडे मूल शाळेत येणार, हे धरलेलं होतं. जे मूल येऊच शकत नाही त्याचं काय? या प्रश्नाला हात घातला बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, आणि मला या साऱ्या इतिहासात तेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

ताराबाईंनी 1945 मध्ये डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं जमेनात तेव्हा त्यांच्या वस्तीतच, अंगणात बालवाडी भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. 1975 मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने तोच उचलला. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे असत. म्हणून शिक्षकच कुरणात जाऊ लागले, आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली. गुरं चरत असताना धडे चालत. माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं कुठली आणायची? खडे, बिया, पानं, शिंपले यांवरच मोजणी आणि रंग-आकारांची ओळख होई.

या मुलांना शेती नव्याने शिकवायची गरज नव्हती. राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजण्यापासून भाताच्या लावणीपर्यंत सगळं त्यांनी घरी पाहिलेलं असे. त्यांना येत होतं तिथूनच शिक्षकाला सुरुवात करावी लागे. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. अनुताईंनी ते काम पुढे चालू ठेवलं. त्या 1992 मध्ये गेल्या.