पठारावरचं पाणी पठारावर थांबत नाही

2019 चा ऑगस्ट आठवतोय? गोव्यात खांडेपारजवळ ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राची मोठी पाइपलाइन फुटली आणि फोंडा, तिसवाडीकडचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. बाहेर पाऊस नुसता ओततोय आणि आपण टँकरची वाट बघतोय. मी तेव्हा पठारावरच्या एका कॅम्पसच्या हॉस्टेलवर राहायचो, आम्ही पोरं पन्हळीखाली बादल्या लावून फ्लशपुरतं पाणी भरायचो आणि वर हसायचोही, की वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस पडतो त्या गोव्यात ही पाळी.

तेव्हापासून कॅम्पसवर पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, छपरावरचं पाणी साठवा की, झालं. बरं, हिशेब करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. म्हणजे 1000 चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला 30 लाख लिटर, त्यातलं उडून-सांडून जाणारं सोडलं तरी 24 लाख लिटर हाताशी येतं. आता हॉस्टेलमध्ये माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, 200 मुलं म्हणजे रोजचे 27,000 लिटर. भागाकार करा, जेमतेम तीन महिने. आणि ते सगळं उन्हाळ्यासाठी साठवायचं तर टाकी केवढी लागेल, तर त्या छपराएवढीच लांब-रुंद आणि वर अडीच मीटर खोल! पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीला, खारं (सुकी मासळी) आणि सोलं भरून ठेवतो तसं पाऊस भरून ठेवता येत नाही.

पण मग सोडून द्यायचं का, तर नाही. पाऊस आहे तेव्हाच वापरायचा. पणजीत एकट्या जुलैत 900 ते 1000 मिलिमीटर पडतो, म्हणजे सरासरी रोज 30 मिलिमीटर. फ्लशला माणशी 45 लिटर धरले तर 200 मुलांना रोज 9000 लिटर लागतात आणि तेवढं पाणी त्या छपरावर 11-12 मिलिमीटर पावसात गोळा होतं. वीस हजार लिटरची साधी टाकी, पहिल्या पावसाचं शेवाळ-घाण असलेलं पाणी बाहेर सोडायला एक तोटी, मधे वाळूचा फिल्टर, एवढ्यावर पावसाळ्यातले बरेच दिवस फ्लशला नळाचं पाणी लागणार नाही. दुष्काळ नाही संपणार याने, पण लांबून पंप करून आणलेलं प्यायचं पाणी पावसाळ्यात संडासात ओतणं तरी थांबेल.

राहिलं जमिनीत मुरवणं, आणि इथे खरी गंमत आहे. ताळगाव पठार घ्या, ज्याच्यावर गोवा विद्यापीठ आहे, किंवा वेर्ण्याचं पठार घ्या, वर सगळा जांभा. आपण ज्याचे चिरे काढून घरं बांधतो तोच. 1800 च्या सुमाराला बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात लोक हा दगड विटांसारखा कापताना बघितले आणि 1807 च्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. चिरा हातात घेऊन बघा, भोकंच भोकं असतात. म्हणून पठारावर पडलेलं पाणी, जिथे काँक्रीट आणि पेव्हर टाकलेले नाहीत तिथे, भराभर खाली जातं. पण जांभ्याखाली चिकणमातीसारखा मऊ थर असतो, तो पाण्याला सहज वाट देत नाही. मग पाणी त्या थरावरून आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला, पायथ्याशी बाहेर पडतं. केसरवालची झर वेर्ण्याच्या पठाराच्या पायथ्याला का, पणजीत फोंत फिनिक्स ही झर आल्तिनो टेकडीच्या पायथ्याला मळा भागातच का, याचं उत्तर त्या दोन थरांच्या सांध्यात आहे.

म्हणजे जांभा हा भोक पडलेला माठ आहे. पावसात बांय, म्हणजे विहीर, पटकन भरते आणि उन्हाळा येईपर्यंत पाणी झिरपून खाली निघून गेलेलं असतं. त्यामुळे कॅम्पसने वर शोषखड्डे खणले तर कॅम्पसच्या बोअरवेलला फायदा होईलच असं नाही, फायदा खालच्या गावातल्या बांयींना आणि शेतांना होतो. मला विचाराल तर तरीही खणायचेच, कारण वरच्यांनी काँक्रीट घातलं की खालच्यांची झर आटते. फक्त अगदी उताराच्या कडेला खणू नका, खालची माती भिजून फुगली की कडा घसरते. आणि त्याच भोकांमधून सेप्टिक टँकचं पाणीही गाळलं न जाता बांयीपर्यंत पोचतं, तेव्हा सांडपाण्याचा प्लांट नीट चालवणं हे पाणी वाचवण्याइतकंच महत्त्वाचं.

आता आतल्या पाण्याचं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र असतं ना, त्याला थंड ठेवायला नळ चालू सोडतात. एक ग्रॅम वाफेचं पाणी करायचं तर 540 कॅलरी उष्णता काढावी लागते, शाळेत शिकलोय आपण. नळाचं पाणी 30 अंशावर आत जाऊन 70 वर बाहेर आलं तर प्रत्येक ग्रॅम 40 कॅलरी घेऊन जातो. म्हणजे एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमागे साडेतेरा लिटर चांगलं पाणी सिंकमध्ये, आणि ते बाहेर कोमटच येत असेल तर आणखी जास्त. ते पाणी घाण झालेलं नसतं हो, फक्त तापलेलं असतं! बाहेर एक टाकी आणि छोटा पंप लावून तेच तेच फिरवता येतं. एसीचं पाणीही तसंच, आपल्या दमट हवेत एक एसी तासाला लिटरभर सहज गाळतो आणि ते भिंतीवरून ओघळून शेवाळ वाढवतं, त्यापेक्षा बादलीत धरून झाडांना घाला.

गळती शोधायला फार काही लागत नाही. प्रत्येक बिल्डिंगला वेगळा मीटर हवा, बस. सुट्टीच्या दिवसांत रात्री वरची टाकी भरून सगळे नळ बंद असताना रीडिंग घ्यायचं आणि पहाटे परत बघायचं, आकडा हलला तर पाणी कुठेतरी जातंय. आम्ही हॉस्टेलवर हे केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं नळ ठिबकतोय. पण सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ दिवसाला चारेक लिटरच घालवतो, आकडा त्याच्या कितीतरी वर होता. शेवटी प्रत्येक फ्लशच्या टाकीत पेनाची निळी शाई टाकली आणि कुणीही न ओढता अर्ध्या तासाने भांड्यांत डोकावलो. अकरापैकी चार निळी.