गोल्डवॉटर नियमामागचा इतिहास

राजकीय नेत्याच्या मानसिक प्रकृतीविषयी मानसोपचारतज्ज्ञांनी जाहीर मत द्यावे का, हा वाद अमेरिकेत निघाला की ‘गोल्डवॉटर नियमा’चा उल्लेख हटकून होतो. त्याचे मूळ १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत आहे. रिपब्लिकन उमेदवार सिनेटर बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का, असा प्रश्न ‘फॅक्ट’ या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना टपालाने विचारला. उत्तरे आली २,४१७. त्यांपैकी १,१८९ जणांनी त्यांना अयोग्य ठरवले आणि हाच आकडा मुखपृष्ठावर ठळकपणे छापला गेला. मात्र ६५७ जणांनी त्यांना योग्य म्हटले होते आणि ५७१ जणांनी मत देण्याइतकी माहिती आपल्यापाशी नसल्याचे कळवले होते. म्हणजे उत्तर देणाऱ्यांतही निम्म्याहून अधिकांनी अयोग्यतेचा शिक्का मारला नव्हता. वैद्यकशास्त्राच्या शिस्तीला धरून वागले ते हे ५७१ जण, असे मला ठामपणे वाटते, कारण उरलेल्यांनीही, मत कोणतेही असो, ते भाषणे आणि बातम्यांच्या आधारेच बनवले होते.

निवडणुकीत पराभूत झाल्यावर गोल्डवॉटर यांनी संपादक राल्फ गिन्झबर्ग आणि नियतकालिक यांच्यावर बदनामीचा दावा लावला. १९६८ मध्ये ज्यूरीने नुकसानभरपाई म्हणून अवघा १ डॉलर, पण दंडात्मक भरपाई म्हणून ७५,००० डॉलर मंजूर केले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिल्याने तो निकाल कायम राहिला.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशन या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आपल्या आचारसंहितेत कलम ७.३ घातले; तोच ‘गोल्डवॉटर नियम’. मानसिक आरोग्याच्या प्रश्नांवर सर्वसाधारण माहिती देण्याची मुभा त्यात आहे. परंतु स्वतः तपासणी केल्याशिवाय आणि रीतसर परवानगी असल्याशिवाय एखाद्या व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देणे अनैतिक मानले आहे. हे बंधन केवळ संघटनेच्या सदस्यांवर आहे, तो देशाचा कायदा नव्हे. हा नियम येण्याच्या आदल्याच वर्षी उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगलटन यांना नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे उघड होताच उमेदवारी सोडावी लागली होती. मानसिक आजाराचा नुसता उल्लेखही किती महागात पडू शकतो, हे त्या प्रकरणाने दाखवले होते.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या कारकिर्दीत, २०१७ मध्ये, संघटनेने नियमाचा अर्थ आणखी कडक केला आणि निदान केले नसले तरी एखाद्याच्या वर्तनाविषयी वा बोलण्याविषयी व्यावसायिक अधिकाराने मत देणेही त्यात बसवले. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ बँडी ली यांनी संपादित केलेल्या पुस्तकात मानसोपचारतज्ज्ञांसह अनेकांनी ट्रम्प यांच्यापासून संभवणाऱ्या धोक्याविषयी उघडपणे लिहिले. लोकांना सावध करणे हेही आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. ही तळमळ खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे, आणि १९७३ च्या मर्यादेपलीकडे जाणारा हा कडकपणा मला अनावश्यक वाटतो. तरीही अध्यक्ष कार्यभार सांभाळण्यास असमर्थ आहेत की नाहीत हे ठरवण्याची वाट पंचविसाव्या घटनादुरुस्तीने १९६७ मध्येच आखून दिली आहे, आणि त्यातील पहिले पाऊल उपाध्यक्ष व मंत्रिमंडळाच्या बहुमताकडे सोपवताना वैद्यकीय प्रमाणपत्राची अट घातलेली नाही.