सरळ माणूस, वाकडं स्टेटमेंट

बेळगावच्या खडेबाजारातल्या एखाद्या कापड दुकानदाराचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट घ्या, त्यावरचं नाव-गाव झाका आणि मुंबईत बसलेल्या तपासनीसाला वाचायला द्या. लग्नसराईत रोख भरण्याचा नुसता पूर, आषाढात शुकशुकाट. दारात येऊन रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाकडे दररोज शे-दोनशे. माल इचलकरंजी-सुरतेचा, गिऱ्हाईक चंदगड-खानापूरचं, आणि उधारी वसूल होते ती कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की आठवडाभरात, एकदम. म्हापशाला हॉटेल चालवणाऱ्या मेहुण्याकडून मध्येच चार लाख येतात आणि तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या कुणाला तरी जातात. तीन राज्यं, बक्कळ रोख, बारीक बारीक तुकडे, आलेला पैसा टिकत नाही. मनी लाँडरिंग ओळखायची म्हणून जी लक्षणं बँकेतल्या लोकांना शिकवतात, त्यातली बरीचशी या कागदावर हजर. दुकानदाराने मात्र कुणाचा छदामही खाल्लेला नाही.

गुन्ह्यातून आलेला पैसा कष्टाचा भासावा म्हणून जे काही केलं जातं ते मनी लाँडरिंग. गप्पांत आपण करचुकवेगिरी आणि हे एकाच गाठोड्यात बांधतो; कायदा तसं करत नाही. २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. तो लागायचा तर आधी त्याच्या अनुसूचीतला मूळ गुन्हा घडलेला असावा लागतो: फसवणूक, लाच, खंडणी, अमली पदार्थ वगैरे. आयकर बुडवणं त्या यादीत नाही. जगभरात वर्षाला असा किती पैसा धुतला जातो, यासाठी जागतिक उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के हा संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाचा अंदाज सगळीकडे दिला जातो. चोरटा धंदा मोजणार कसा, म्हणून तो ढोबळच समजायचा.

पाठ्यपुस्तकांत याच्या तीन पायऱ्या असतात. पैसा बँकेत शिरवायचा, मग माग लागू नये इतका फिरवायचा, शेवटी जमीन, धंदा, सोनं असं काहीतरी करून उजळ माथ्याने बाहेर काढायचा. सगळ्यात अडचणीची पहिली पायरी, कारण नोटांचं काय करायचं हाच मोठा प्रश्न. महिन्याला १० लाखांवर रोख उलाढाल झाली की बँक त्याचा अहवाल दिल्लीच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला पाठवते. हा विभाग २००४ मध्ये स्थापन झाला. एका दिवसात ५० हजारांवर रोख भरायची तर कित्येक वर्षं पॅन मागितला जात आला. मग ४९ हजारांचे भरणे सुरू होतात. पण मर्यादेच्या जरा अलीकडे रकमांची अशी गर्दी होणं हाच पुरावा ठरतो.

बनावट बिलंही अशीच उघडी पडतात. लहानापासून मोठ्यापर्यंत पसरलेल्या खऱ्या हिशेबात रकमेचा पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं आणि ९ असण्याचं जेमतेम साडेचार. लॉगरिदमच्या कोष्टकांच्या पुस्तकाची सुरुवातीची, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, पानं जास्त मळलेली पाहून सायमन न्यूकम यांना हे १८८१ मध्ये सुचलं. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी नद्यांच्या क्षेत्रफळांपासून पत्त्यांमधल्या क्रमांकांपर्यंत निरनिराळ्या आकड्यांवर ते पडताळलं. मनाने रकमा लिहिणारा माणूस सगळे अंक साधारण सारख्याच वेळा वापरतो आणि तिथे फसतो. मात्र पिग्मीच्या वहीला हा नियम लावून चालणार नाही. रोजची रक्कम शंभर नाहीतर दोनशे, पहिला अंक १ नाहीतर २. उडुपीत जन्मलेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही बचतीची रीत आपल्या भागात घरोघर मुरली आहे, आणि नियमाचा आंधळा वापर केला तर ती वही खोटी ठरेल.

गेल्या काही वर्षांत खरा बदल झाला तो वेगळ्याच ठिकाणी. ऑनलाइन फसवणुकीत पैसा नोटांच्या रूपात नसतोच, तो पीडिताच्या खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात उतरतो. पहिली पायरी गळाली. अडचण उलटी झाली आहे: पैसा बँकेत आहे, तो बँकेबाहेर काढायचा कसा? त्यासाठी लागतात भाड्याची खाती, ज्यांना पोलीस आणि बँका म्यूल खाती म्हणतात. नोकरीच्या शोधातला पोरगा, बंद पडलेल्या दुकानाचं चालू खातं, कमिशनच्या आशेला लागलेला कुणीही. एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम असा संच दुसऱ्याच्या हवाली होतो. चोरलेले दहा लाख काही मिनिटांत पहिल्या खात्यातून पाच-सहा खात्यांत, तिथून आणखी वीस-पंचवीस खात्यांत पांगतात. शेवटच्या फळीतून एटीएमवर रोख निघते, किंवा डॉलरशी किंमत बांधलेलं टेदर हे आभासी चलन विकत घेऊन पैसा देशाबाहेर जातो. पूर्वी हवाल्याने जायचा तसाच, फक्त ओळखीची पेढी लागत नाही.

आभासी चलन म्हणजे गुपित, हा समज मात्र अर्धाच खरा. बिटकॉइनची खतावणी सगळ्या जगाला उघडी असते, फक्त नावांऐवजी अंक-अक्षरांचे पत्ते असतात. एकाच व्यवहारात दोन पत्त्यांवरचे पैसे एकत्र खर्च झाले तर दोन्हींचा मालक बहुधा एकच. या एका सूत्रावर हजारो पत्त्यांचे गठ्ठे बांधता येतात, आणि गठ्ठ्यातला एक पत्ता ओळखपत्र मागणाऱ्या एक्स्चेंजवर, म्हणजे आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, गेला की सगळा गठ्ठा नावावर चढतो. बिटफिनेक्स या एक्स्चेंजवरून २०१६ मध्ये सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी त्यातले ९४ हजारांवर जप्त केले. म्हणून मग अनेकांचे पैसे एकत्र करून माग पुसणारी साधनं आली. त्यातल्या टोर्नाडो कॅशवर अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले. कुणाच्याच ताब्यात नसलेला, आपोआप चालणारा प्रोग्राम ही कुणाची मालमत्ता नव्हे, म्हणून त्यावर असे निर्बंध घालता येत नाहीत, असं तिथल्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलं आणि मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. भारताने मार्च २०२३ मध्येच आभासी चलनाचे व्यवसाय मनी लाँडरिंग कायद्याखाली आणले आहेत.

आता चोर पकडणारं यंत्र. खाती म्हणजे बिंदू, व्यवहार म्हणजे रेषा, असं जाळं संगणक मांडतो. एखाद्या बिंदूवर पैसा किती वेळ थांबतो, आला तेवढाच पुढे जातो का, वर्षभर झोपलेलं खातं एकाएकी जागं झालं का, एकाच मोबाइलवरून किती खाती चालतात, हे तो पाहतो. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने तयार केलेलं म्यूलहंटर हे साधन याच जातीचं. साधन हुशार आहे, पण एका साध्या गणितातून त्याचीही सुटका नाही. समजा १० लाख खाती आहेत आणि हजारात एक भाड्याचं, म्हणजे एकूण १,०००. यंत्र शंभरातली ९५ भाड्याची खाती बरोबर पकडतं आणि सरळ खात्यांपैकी शंभरात फक्त दोनांवर चुकून बोट ठेवतं. ऐकायला उत्तम. आता मोजा: खरी सापडली ९५०, आणि ९,९९,००० सरळ खात्यांपैकी १९,९८० वर नाहक संशय. ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांच्यात दोषी निघणार शंभरात पाचहून कमी. यंत्र वाईट म्हणून असं होत नाही. चोर थोडे आणि साव फार, म्हणून होतं.

शंभरातल्या या दोन चुका सगळीकडे सारख्या वाटल्या जात नाहीत, हे मला इथे सांगायचंय. महानगरातल्या पगारदाराचं खातं यंत्राच्या कल्पनेतल्या सरळ खात्याशी जुळतं. आमच्याकडे तसं जुळत नाही. चंदगडचा शेतकरी रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात घालतो आणि रोख घेऊन महाराष्ट्रात परततो. इथली भाजी रोज चोर्ला घाटातून गोव्यात जाते, तिकडचा पैसा इकडे येतो. निपाणीच्या तंबाखू व्यापाराची उलाढाल हंगामी. त्यात कागदांचा घोळ. चौगुले हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. शाळेचा दाखला मराठी, आधार कन्नड-इंग्रजी, आणि शहराचं अधिकृत नावही १ नोव्हेंबर २०१४ ला बदललेलं. अक्षरांची जुळणी करणाऱ्या प्रणालीला एका माणसाच्या जागी दोन माणसं दिसली तर नवल नाही. निवडणूक लागली की दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर ५० हजारांवरच्या रोकडीचे कागद दाखवा. कर्नाटकची विधानसभा २०२३ मध्ये, महाराष्ट्राची २०२४ मध्ये, त्यामुळे हा जाच आम्हाला दोन्हीकडून.

नाहक संशयाची किंमत काय? एखाद्या भाजीवाल्याला गिऱ्हाइकाने यूपीआयने आठशे रुपये दिले. ते आठशे चार खात्यांपलीकडे कुठल्याशा फसवणुकीतून आलेले. दूरच्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र बँकेला येतं आणि आठशे नव्हे, सबंध खातं गोठतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत फक्त वादातली रक्कम रोखून ठेवा, असं सांगितलं. ज्याच्यावर ही पाळी येईल त्याने बँकेकडून तक्रार क्रमांक, कुठल्या राज्याचं कुठलं पोलीस ठाणं आणि नेमकी किती रक्कम, हे लेखी मागून घ्यावं. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

आणि एक क्रूर उलटापालट. ‘तुमच्या खात्यातून मनी लाँडरिंग झालंय, व्हिडिओ कॉलवरून हलू नका’ असं सांगून लुटणारी टोळी याच कायद्याच्या धाकावर जगते. मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातलं एक वृद्ध दांपत्य अशा छळातून जिवाला मुकलं. डिजिटल अटक नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. फोन कापा आणि १९३० वर कळवा.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?’ हा प्रश्न आता घेऊ. स्टेटमेंटमध्ये फक्त पैसा नसतो. मानसोपचाराची फी असते, माहेरी गुपचूप पाठवलेले हजार रुपये असतात. सीमाभागात तर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिन पाळणाऱ्या मराठी समितीला दिलेली वर्गणी असते, नाहीतर त्याच दिवशीच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या मंडळाला दिलेली. गल्लीत पेटीत टाकलेली पन्नासची नोट कुणाचीच नसते. क्यूआर कोडवर दिलेले पन्नास रुपये माणसाची बाजू कायमची नोंदवतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं की बँकेला दिलेल्या माहितीवर ग्राहकाचा गोपनीयतेचा दावा उरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ मध्ये नेमका हाच विचार नाकारला: कागद बँकेच्या कपाटात असला तरी गोपनीयता माणसाची. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. सप्टेंबर २०१८ मध्ये बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली, आणि ती सक्ती मनी लाँडरिंग कायद्याच्याच नियमांतून आली होती. काही थोड्या चोरांसाठी सगळ्या खातेदारांना संशयित धरणं प्रमाणाबाहेरचं आहे, असं न्यायालयाला वाटलं. मात्र याच न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाचे (ईडीचे) अटकेचे, झडतीचे आणि जामिनाच्या कडक अटींचे अधिकार कायम ठेवले. थोडक्यात, गाडं अजून मधेच आहे.

गोपनीयता वाढली की चोरांचं फावणारच, असं दोन्ही बाजू धरून चालतात. गणित मात्र तिसरी वाट दाखवतं. डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये आंधळ्या सहीची कल्पना मांडली. कार्बन पेपर लावलेल्या बंद पाकिटावर बँकेने सही करावी, ती आतल्या चिठ्ठीवर उमटावी, पण चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बँकेला दिसू नये. तसंच हे, फक्त आकड्यांत. अशी डिजिटल नोट खरी आहे हे बँक ओळखते, पण ती कुणाला दिली होती हे तिला सांगता येत नाही. चॉम यांची कंपनी १९९८ मध्ये बुडाली. ग्नू टेलर हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आज त्याच कल्पनेवर उभा आहे. त्यात देणारा झाकलेला राहतो आणि घेणाऱ्याची कमाई उघड असते. वर्गणीदार दिसत नाही, पण भाड्याने दिलेलं खातं दिसतं, कारण ते घेणारं असतं.

यातही एक भोक आहेच. पहिल्या भाडोत्री खात्याने पैसे पुढे दिले की ते खातं स्वतः देणारं होतं, आणि पुढचा दुवा तुटतो. म्हणून रकमेची मर्यादा लागते. १ डिसेंबर २०२२ ला सामान्यांसाठी प्रायोगिक सुरू झालेल्या ई-रुपया या डिजिटल चलनाच्या आराखड्यात रिझर्व्ह बँकेनेही हेच तत्त्व मांडलंय: छोट्या रकमेला रोखीसारखी अनामिकता, मोठ्या रकमेचा माग. भांडण त्या आकड्यावर व्हायला हवं. पाचशेची मर्यादा ठेवली तर डॉक्टरची फीसुद्धा उघडी पडेल. ५० हजारांची ठेवली तर तुकडे करणाऱ्यांना रान मोकळं. मला पाच हजारांच्या आसपासचा आकडा पटतो. चोरलेले ५० लाख फिरवायचे तर त्यात हजार तुकडे करावे लागतील, आणि ते हजार तुकडे ज्या खात्यांत पडतील ती सगळी, घेणारी म्हणून, दिसतील.