वस्ताद गदेचं नाव काढत नाही

कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीत पहाटे गेलात, तर नवा पोरगा आणि वस्ताद यांच्यातलं बोलणं साधारण असं ऐकू येईल. "काल जोर किती मारलास?" "दोनशे." "आज दहा वाढव." संपलं. पोरगा मनात महाराष्ट्र केसरीची गदा घेऊन आलेला असतो, पण वस्ताद तिचा विषयच काढत नाही. बाहेरच्याला हा रुक्षपणा वाटतो. मानसशास्त्रातले प्रयोग मात्र बरेचसे या रुक्षपणाच्याच बाजूने आहेत.

१९८१ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत कच्च्या आणि गणिताचा कंटाळा असलेल्या ७ ते १० वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. ७ बैठका, ४२ पानं. काही मुलांना सांगितलं, रोज ६ पानं कर. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं होऊ देत. हिशेब एकच, नाही का? तरी रोज ६ पानांवाली मुलं वजाबाकीत बरीच पुढे गेली. त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि पुढे मोकळ्या वेळात, कुणी न सांगता, तीच मुलं जास्त गणितं सोडवत बसली. ४२ पानांचं लक्ष्य घेतलेली मुलं मात्र काहीच लक्ष्य न दिलेल्या मुलांच्या फारशी पुढे गेली नाहीत. दूरच्या गदेकडे बघून आज आपण वाढलो की नाही हे कळत नाही. दहा जोरांचं तसं नाही, ते संध्याकाळच्या आत कळतं.

मग हे तुकडे आपले आपणच का पाडू नयेत? पाडता येतात, पण आपलं माप चुकतं. कॅनडात १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी अंदाज आला ३३.९ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५.५. आपल्या अभ्यासिकांत 'दोन महिन्यांत इतिहास उरकतो' म्हणणारा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार याच जातकुळीतला (मीही एके काळी त्याच बाकावर होतो, आणि माझा इतिहास अजून उरकलेला नाही). गंमत अशी की दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना माणूस इतका आशावादी राहत नाही. गेल्या वेळी काय झालं होतं, हे तो आधी बघतो. आपण मात्र यंदाच्या बेतावरच खूश असतो. मला विचाराल तर मार्गदर्शकाचा पहिला उपयोग हाच. त्याला आपल्या बेताचं प्रेम नसतं.

दुसरा उपयोग म्हणजे तो विचारतो. २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं, की प्रगतीवर लक्ष ठेवल्याने लक्ष्य गाठण्याची शक्यता वाढते. नोंद लिहून ठेवली किंवा दुसऱ्या कुणाला सांगितली तर आणखी वाढते. इथे एक खुलासा करतो. १९५३ साली येल विद्यापीठातल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येय लिहून ठेवलं, ते पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले, ही भाषणांतली लाडकी गोष्ट निव्वळ दंतकथा आहे. असा अभ्यास कधी झालाच नाही.

मोठं ध्येय नवशिक्याच्या वाटेत आडवंही येतं. १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचं एक नक्कल केलेलं काम दिलं होतं. शिकण्याच्या अगदी सुरुवातीलाच ज्यांना गुणांचं अवघड लक्ष्य दिलं, त्यांची कामगिरी घसरली. डोकं मुळात काम समजून घेण्यात गुंतलेलं असतं, त्यात आकड्याची काळजी कुठे मावणार? खाशाबा जाधवांचं उदाहरण इथे आठवतं. त्यांची कुस्ती मातीतली, मॅटवर तेही नवशिकेच. १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर उतरून ते फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. मार्गदर्शनाच्या संशोधनात मनाला आधार देणं आणि वाट मोकळी करून देणं अशी दोन कामं वेगळी धरतात. खर्डेकरांचं काम दुसरं, आणि ते फार थोड्यांच्या हातून होतं.

मार्गदर्शकाने नुकसानही होतं. अभिप्रायांवरच्या १९९६ च्या एका मोठ्या आढाव्यात एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायाने कामगिरी उलट बिघडलेली दिसली. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की असं होतं, असं संशोधकांचं म्हणणं. म्हणजे 'तुझ्यात दम नाही' हे तर वाईटच, पण 'तू वाघ आहेस' हेही फारसं कामाचं नाही. 'डावा पाय मागे राहतोय' हे कामाचं. आणि अर्ध्यात सोडून जाणारा मार्गदर्शक नसलेला बरा. अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर झालेल्या अभ्यासात ज्यांची मार्गदर्शकाशी जमलेली जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा आत्मसन्मान घटला. वर्षभर टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला.

राहिली एक अडचण. शिकणाऱ्याला दिलेला आधार तो सावरत जाईल तसा काढून घ्यावा, आणि शेवटी त्याला सगळं आपलं आपण जमावं, असं शिक्षणशास्त्र १९७० च्या दशकापासून सांगत आलंय. आपल्याकडे तर वस्ताद एक डाव राखून ठेवतो, उद्या चेला उलटला तर असावा म्हणून. शास्त्राच्या हिशेबात हा वस्तादाचा दोषच धरावा लागेल. तालमीत जाऊन हे बोलायची माझी छाती नाही.