मिखाल (‘द पिलोमॅन’ नाटकातील पात्र)

मिखाल हे मार्टिन मॅकडॉना यांच्या ‘द पिलोमॅन’ या तीन अंकी नाटकातले पात्र. नाव नसलेल्या एका हुकूमशाही देशात कत्तलखान्यात नोकरी करणारा आणि फावल्या वेळात भीषण कथा लिहिणारा काटुरियन हा त्याचा भाऊ. मिखालचे सगळे महत्त्वाचे काम दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, पोलिसांच्या कोठडीत होते आणि तो प्रवेश संपताना तो मेलेला असतो. नाटकातल्या मुलांचा खुनी तोच आहे. तरीही प्रेक्षकांना सर्वाधिक जीव ज्याच्यावर लावावासा वाटतो तोही तोच, आणि ही अडचण नाटककाराने मुद्दाम शेवटपर्यंत सोडवलेली नाही.

काटुरियन लेखक व्हावा म्हणून आईवडिलांनी केलेल्या प्रयोगाचा कच्चा माल म्हणजे मिखाल. एका मुलाचे सर्व लाड करायचे आणि शेजारच्या कुलूपबंद खोलीत दुसऱ्याला सात वर्षे रात्री-रात्री छळायचे. भिंतीपलीकडून येणारे ड्रिलचे आणि किंकाळ्यांचे आवाज ऐकून पहिल्याच्या गोष्टी काळवंडत जातील, हा बेत. तो सफल झाला. चौदाव्या वर्षी काटुरियनने दार फोडले तेव्हा भाऊ जिवंत होता, पण त्याच्या मेंदूला झालेली इजा भरून येण्यापलीकडची होती. त्याच रात्री काटुरियनने दोघाही पालकांना उशीने गुदमरवून मारले. ही हकिगत नाटकात आधी गोष्ट म्हणून येते. गोष्टीत भाऊ मरतो, प्रत्यक्षात तो वाचला आहे. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढचा कोठडीचा प्रवेश नीट कळत नाही.

शहरात दोन मुलांचे खून झाले आहेत आणि तिसरी, मुकी मुलगी बेपत्ता आहे. खुनांची पद्धत काटुरियनच्या कथांतली आहे. कोठडीत मिखाल आधी आपण काही केले नसल्याची शपथ घेतो, मग थोड्याच वेळात सहज कबूल करतो. त्याची तक्रार वेगळीच असते: सफरचंदाच्या माणूसबाहुल्यांत ब्लेडची पाती बसवणे किती किचकट आहे, आणि एवढा वेळ घालवून केलेल्या बाहुल्या खून झालेली मुलगी खाईना. त्याचा बचाव एका वाक्यात मावतो. गोष्टी भावाने वाचून दाखवल्या, त्याने त्या खरोखर होतात का ते पाहिले. हा बचाव भोळा आहे की धूर्त, याचे उत्तर संहिता देत नाही. गोष्टीतला आणि घडलेला प्रकार यांत फरक कळत नसलेला माणूस खोटी शपथ घेत नाही, आणि खोटे पचवू शकणारा धूर्त माणूस असा गप्पांच्या ओघात गुन्हा सांगून टाकत नाही. मिखाल दोन्ही करतो.

सर्वांत अवघड गाठ तिसऱ्या मुलीची. तिच्यावर कोणती गोष्ट केलीस, असे काटुरियनने विचारल्यावर तो ‘छोटा येशू’ असे सांगतो. त्या कथेत मुलीला क्रुसावर चढवून जिवंत पुरतात. प्रत्यक्षात त्याने ‘हिरवे डुक्कर’ ही आपली आवडती, रक्त न सांडणारी गोष्ट केलेली असते. मुलगी अंगभर हिरवा रंग फासलेली, पण सुखरूप सापडते. हे कळते तिसऱ्या अंकात. तोवर काटुरियनने तीच डुकराची गोष्ट सांगत भावाला झोपवले आहे, उशीने मारले आहे, आणि आपल्या कथा जाळू नयेत या अटीवर दोन मुले, बेपत्ता मुलगी, आईवडील आणि मिखाल असे सहाही खून अंगावर घेतले आहेत. मिखाल खोटे का बोलला याला दिग्दर्शकाने एकच कारण चिकटवले की भूमिका आकसते. खोडी काढली, एवढे पुरते.

प्रयोगात भूमिका बहुधा तीन ठिकाणी घसरते. पहिली चूक शरीराची. संहितेत मिखाल ‘मंद’ आहे, विशेष शाळेत जातो, इतकेच आहे. नटाने वाकडी मान, लाळ, अडखळती जीभ आणली तर प्रेक्षागृहात दया येते, आणि दया आली की कबुलीजबाबाचा धक्का उरत नाही. दुसरी चूक कबुलीआधी घेतलेला मोठा विराम. ढुंगणाला खाज सुटल्याचे तो ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात खुनाचे सांगायला हवे. विराम घेतला, वर प्रकाश उतरवला, की तो रहस्यपटातला खलनायक होतो. तिसरी चूक कोठडीच्या प्रवेशाची सुरुवात कापण्याची. पडदा उघडतो तेव्हा तो खुर्चीवर मांड्यांवर ठेका धरून बसलेला असतो. पलीकडून भावाच्या किंकाळ्या येतात आणि तो त्यांची नक्कल करत डुकराची गोष्ट आठवून आठवून सांगतो. वेळ वाचवायला हा भाग छाटतात. मात्र भिंतीपलीकडून किंकाळ्या ऐकणारा आता कोण आहे, ही उलटापालट तिथेच दिसते.

गुदमरवण्याची रंगसूचना स्पष्ट आहे: काटुरियन त्याच्या हातांवर आणि अंगावर बसतो, धडपड मंदावायला एक मिनिट, मरायला आणखी एक. रंगभूमीवर दोन मिनिटे फार लांब असतात; ती घाईने उरकली की प्रेक्षकांना विचार करायला वेळ मिळत नाही. उशी विरळ भरलेली घ्यावी, खालच्या नटाने मान कुशीवर वळवावी, वरच्याने भार तळव्यांनी गादीवर आणि स्वतःच्या गुडघ्यांवर पेलावा. हात अडकलेले असल्याने थांबण्याची खूण पायानेच ठरवावी लागते. पण धडपडीत पाय हलतातच, म्हणून खूण झटक्यांपेक्षा वेगळी हवी, उदाहरणार्थ टाच दाबून स्थिर धरणे.

पहिला प्रयोग २००३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये जॉन क्राऊली यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. मिखाल ॲडम गॉडली यांनी केला, काटुरियन डेव्हिड टेनंट यांनी. २००५च्या ब्रॉडवे प्रयोगात ही भूमिका मायकल स्टुलबार्ग यांच्याकडे होती आणि तिला टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. २०२३च्या लंडन प्रयोगात काटुरियनची भूमिका लिली ॲलन यांनी केल्याने नाते बहीण-भावाचे झाले. मिखालच्या ओळींना त्यासाठी फारसा हात लावावा लागत नाही, कारण काटुरियनशी तो भावापेक्षा घरातल्या गोष्ट सांगणाऱ्या मोठ्या माणसाशी बोलावे तसा बोलतो.