अल्गी स्क्रबर (समुद्री टँकचा)

अल्गी स्क्रबर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकला जोडून मुद्दाम शेवाळ वाढवायची सोय. माशांना जे खायला घालतो त्यातून शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं आणि त्यावर शेवाळ येणारच, मग दगडांवर आणि काचेवर येण्यापेक्षा एका जाळीवर येऊ दे, दर आठवड्या-पंधरवड्याला खरवडून टाकलं की तेवढं खत टाकीबाहेर गेलं.

ही कल्पना अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांची. कॅरिबियन प्रवाळांवरचं बुटकं शेवाळ अभ्यासताना त्यांना ती सुचली आणि 1982 मध्ये पेटंट मिळालं. त्यांच्या यंत्रात एक बादली भरली की आपोआप उलटायची आणि जाळीवर लाट यायची. आवाज भरपूर, पाणी सगळीकडे उडणार, त्यामुळे घरात कोण ठेवणार! नंतर हौशी लोकांनी धबधबा पद्धत काढली, म्हणजे वर आडवा पीव्हीसी पाइप, त्याला खालून 3 मिमीची चीर, चिरेत अडकवलेली जाळी उभी लोंबते आणि दोन्ही बाजूंनी पाणी ओघळतं. ही पद्धत स्वस्त आहे आणि घरी जमते.

शेवाळ येत नाही अशी तक्रार असेल तर आधी जाळी बघा. लोकरीच्या भरतकामाची प्लॅस्टिक जाळी मिळते ती चालते, पण दुकानातून आणली तशीच लावली तर गुळगुळीत असते आणि शेवाळाला मूळ नसतं, ते नुसतं चिकटून राहतं, म्हणून वाढलं की पाण्याच्या वजनाने सगळं एकदम सुटून खाली येतं. लाकडाची कानस घेऊन दोन्ही बाजू इतक्या घासायच्या की हात फिरवला तर निवडुंगासारखं टोचलं पाहिजे. मग टँकमधलंच थोडं हिरवं शेवाळ त्यावर चोळून द्या, सुरुवात लवकर होते.

आकार टँकच्या लिटरवर ठरवू नका, खाण्यावर ठरवा: रोज माशांच्या गोठवलेल्या खाद्याची एक वडी (फ्रोझन क्यूब) घालत असाल तर साधारण 12 चौरस इंच जाळी, दोन्हीकडून लाइट. पाणी जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला तासाला 130 लिटरच्या आसपास. लाइटला 660 नॅनोमीटरचे लाल एलईडी चांगले, रोज 18 तास, पण नव्या कोऱ्या जाळीला सुरुवातीला 9-10 तासच द्या. टँकचा लाइट बंद असताना स्क्रबरचा चालू ठेवला तर रात्री पीएच पडतो तोही सावरतो, हा फुकटचा फायदा.

पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी बुळबुळीत थर येतो आणि लोक हिरमुसतात, खरं तर ते बरोबरच चाललेलं असतं, तो हलक्या हाताने काढायचा, हिरवं केसाळ शेवाळ त्याच्या मागून येतं. पुढेही काळपट चिकट थरच येत राहिला तर खत जास्त आणि लाइट कमी पडतोय, आणि पिवळट रबरासारखं आलं तर उलटं, लाइटचे तास कमी करा. बाजूला फॉस्फेट काढणारं मीडिया (फिल्टरमध्ये भरायचा माल) पण चालू असेल तर दोघं एकाच खाण्यावर भांडतात, आणि फॉस्फेट पार संपलं की जाळी फिकी पडते.

काढताना जाळी सिंकमध्ये न्या, सम्पवरच (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर) खरवडलं तर शेवाळाचा रस परत पाण्यात जातो आणि पाणी पिवळं होतं. साध्या नळाच्या पाण्याने धुवा, शेवाळ खाणारे बारीक किडे त्याने मरतात. सगळं तासून काढू नका, पातळ हिरवा थर राहू द्या म्हणजे वाढ लगेच पुन्हा सुरू होते. आपल्याकडे लोडशेडिंग असलेल्या गावात पंपाला इन्व्हर्टर हवाच, कारण पाणी थांबलं की उन्हाळ्यात जाळी काही तासांत वाळते आणि वाळलेलं शेवाळ मरतं, तेव्हा वीज आली तरी पंप सुरू करायच्या आधी ती धुऊन घ्या, नाहीतर मेलेलं सगळं टँकमध्ये जाईल.