दोषसुधारक संकेत

दूरसंचारात पाठवलेल्या माहितीला वाटेत लागलेला दोष, ती पुन्हा न मागवता, घेणाऱ्या टोकालाच दुरुस्त करता यावा म्हणून मूळ बिटांना (० किंवा १ या अंकांना) गणिती नियमाने जादा बिट जोडण्याची पद्धत. ‘त्रुटिसुधारक संकेत’ असेही म्हणतात. येथील ‘संकेत’ गुप्तलेखनाचा नव्हे. रिद्धपूर (जि. अमरावती) हे ज्यांचे तीर्थ, त्या महानुभावांची सकळ लिपी मजकूर परक्यापासून झाकण्यासाठी होती, दोषसुधारक संकेत काहीच झाकत नाही, उलट तीच गोष्ट जरा जास्तीची सांगतो. फोनवर खाते क्रमांक देताना ‘एकोणऐंशी, म्हणजे सात नऊ’ असे म्हणतात, ते याच जातीचे.

उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिलेच्या (विजेवर उघडझाप होणाऱ्या खटक्यांच्या) गणकयंत्रावर गणिते लावून जात; चूक आढळली की यंत्र ते गणित सोडून पुढचे घेई. चूक कळते तर तिची जागा का कळू नये, या त्राग्यातून १९४७ च्या सुमारास त्यांचा संकेत निघाला. त्यातील सात बिटांचे उदाहरण माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या निबंधात हॅमिंग यांच्या नावासह दिले. हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध मात्र पेटंटच्या कारणाने १९५० पर्यंत लांबला. दरम्यान १९४९ मध्ये मार्सेल गोले यांचे जेमतेम अर्ध्या पानाचे टिपण छापून आले. त्यात त्या उदाहरणाचा विस्तार होताच, शिवाय तीन दोष सुधारणारा २३ बिटांचा नवा संकेतही होता. गोले यांच्या एका त्रिमूल्यी (०, १, २ या अंकांच्या) संकेताची रचना तर फिनलंडमधील फुटबॉल-पैजेच्या नियतकालिकात १९४७ मध्येच आली होती. कल्पना हॅमिंग यांची आणि पहिला छापील विस्तार गोले यांचा, ही वाटणी त्यातल्या त्यात पटणारी.

याहून जुना धागा शेतीत सापडतो. खत, बियाणे, पेरणीचे अंतर असे सात घटक प्रत्येकी दोन तऱ्हेने तपासायचे, तर १२८ वाफे लागतात. त्यांतून नेमके १६ असे निवडता येतात, की एकेका घटकाचा परिणाम दोन घटकांच्या जोडपरिणामात मिसळत नाही. घटकाच्या दोन तऱ्हा म्हणजे ० व १ मानले, तर हॅमिंग यांच्या सात बिटांच्या संकेतातले १६ शब्द (बिटांच्या ग्राह्य ओळी) म्हणजे हेच १६ वाफे. क्षेत्रप्रयोगांच्या आखणीवरील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९४२ च्या निबंधात या संकेतांशी समतुल्य रचना आहेत. भारतीय संख्याशास्त्रज्ञ राजचंद्र बोस यांनी १९४७ मध्ये अशाच आखणीचे गणित मांडले. पुढे १९६० मध्ये त्यांनी व द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांनी अनेक दोष सुधारणारे संकेत दिले. फ्रान्सच्या ऑकेंगेम यांनी ते १९५९ मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘बीसीएच’. बोस यांचा जन्म १९०१ चा, होशंगाबादचा. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रांतातला. विदर्भातील वाचकाला ही नोंद अवांतर वाटू नये.

कार्यपद्धती उदाहरणाने सोपी होते. १०११ हे चार बिट पाठवायचे आहेत. ते ३, ५, ६, ७ या जागी ठेवून १, २, ४ या जागी समता बिट (जादा बिट) बसवतात. त्यासाठी तीन गट पाडतात: (१, ३, ५, ७), (२, ३, ६, ७) आणि (४, ५, ६, ७). प्रत्येक गटात ‘१’ ची संख्या सम ठेवली की ०११००११ असा शब्द तयार होतो. वाटेत पाचवा बिट उलटला आणि ०११०१११ पोहोचला, तर पहिला व तिसरा गट विषम निघतो. त्या गटांच्या समता बिटांच्या जागा १ आणि ४, बेरीज ५. पाचवा बिट पुन्हा उलटायचा, काम झाले. दोन बिट बिघडले तर मात्र हा संकेत चांगल्या बिटालाच बिघडवतो.

नंतरचे रीड–सॉलोमन (१९६०), गॅलगर यांचे विरळ-समता संकेत, टर्बो (१९९३) व ध्रुवीय (२००९) हे सर्व शॅनन यांनी घालून दिलेल्या मर्यादेच्या (दोषयुक्त वाटेने बिनचूक किती माहिती जाऊ शकते तिच्या) अधिकाधिक जवळ जाण्याचे प्रयत्न होत. ५जी मध्ये माहितीसाठी विरळ-समता आणि नियंत्रणासाठी ध्रुवीय संकेत आहेत.

ग्रामीण विदर्भात हा विषय नावानिशी भेटतो तो छत्री बसवणाऱ्याच्या रिमोटवर. वाहिन्या शोधताना डब्याच्या यादीत ‘एफईसी ३/४’ अशी ओळ येते (एफईसी म्हणजे दोषसुधारणेचे इंग्रजी लघुरूप); पाठवलेल्या दर चार बिटांत तीन माहितीचे, एक जादा, असा तिचा अर्थ. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात त्याबाहेर रीड–सॉलोमनचे दुसरे कवच असते: १८८ बाइटच्या (बाइट म्हणजे आठ बिट) पुडक्याला १६ जादा, म्हणजे आठ बाइटपर्यंत दुरुस्ती. त्यामुळे चार दिवसांची झड लागली तरी चित्र बहुधा टिकते, आणि अर्ध्या तासाची धो-धो सर आली की जाते. जातेही हळूहळू मुंग्या येऊन नव्हे. आधी ठोकळे पडतात, मग एकदम काळे. संकेत पेलू शकतो तोवर दोष दिसतच नाही, हे त्याचे कारण.

आठवडी बाजारातल्या क्यूआर फलकांवरही रीड–सॉलोमनच आहे. निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर मिळतो. काट्याजवळ टांगलेला, हळदीचे बोट उमटलेला फलक म्हणून वाचला जातो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र संकेताच्या संरक्षणात येत नाहीत. त्यांतला एक फाटला, तर बाकी फलक कोरा करकरीत असूनही बहुधा पैसे रोखच द्यावे लागतात.